पोलिस नसलेल्या रोममध्ये खुनाचा तपास कोण करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इ.स.पू. ८० च्या सुमाराच्या रोममध्ये घडणारी रहस्यकादंबरी मराठीत लिहायला घेतली आहे, पहिल्या प्रकरणात प्रेत पडलं आहे आणि तिथेच घोडं अडलं आहे. पोलिस नाहीत, बोटांचे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. मग नायकाने तपास करायचा कसा आणि कोणत्या अधिकाराने? शिवाय एखादं दख्खनचं पात्र आणता येईल का, हेही विचारलं आहे. प्राचीन काळावरच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादक म्हणून वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि रोमवरची बहुतेक हस्तलिखितं नेमकी याच जागी लंगडी पडतात. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

लंगडी पडतात म्हणजे काय होतं, तर लेखक आजच्या इन्स्पेक्टरला टोगा नेसवतो. तो घटनास्थळी येतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, संशयितांना बोलावून उलटतपासणी करतो, आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका दालनात जमवून खुन्याकडे बोट दाखवतो. रोमन माणसाने हे पाहिलं असतं तर त्याला पहिला प्रश्न पडला असता की, हा कोण लागून गेला? याला माझ्या घरात पाऊल टाकायचा हक्क कोणी दिला?

प्रजासत्ताकाच्या काळात रोममध्ये खुनाचा शोध घेणारी सरकारी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. 'त्रेसविरी कापितालेस' नावाचे तीन कनिष्ठ अधिकारी असत. तुरुंग, देहदंडाची अंमलबजावणी आणि रात्रीची थोडीफार गस्त त्यांच्याकडे असे. गुलाम आणि भुरटे चोर यांच्यापुरता त्यांचा धाक. पुढे पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स. ६ मध्ये 'विजिलेस' ही सात तुकड्यांची पथकं उभी केली. शहराचे चौदा विभाग, एका तुकडीकडे दोन. पण त्यांचं मुख्य काम आग विझवण्याचं. चोर, घरफोडे, आग लावणारे सापडले तर त्यांच्या प्रमुखाने शिक्षा करायची. तुमची कादंबरी इ.स.पू. ८० ची आहे, म्हणजे तुमच्या नायकाला हेही उपलब्ध नाही. (तुमच्याच काळातला नामवंत वकील सिसेरो, त्याच्या रोममध्ये विजिलेस फिरवणारी हस्तलिखितं माझ्याकडे आली आहेत. त्यातल्या एकात तर पाठलागाचा शेवट कोलोसियममध्ये होता. कोलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० चं. एक 'पू.' गळला की जवळजवळ एकशेसाठ वर्षांची उडी पडते.)

मग खटले उभे राहायचे कसे? खासगी फिर्यादीने. इ.स.पू. ८१ मध्ये रोमचा हुकूमशहा सुल्ला याने खून आणि विषप्रयोग यांसाठी कायदा करून कायमचं न्यायालय नेमलं. अध्यक्षस्थानी प्रेटर (न्यायदान करणारा वरिष्ठ अधिकारी) किंवा तशाच दर्जाचा अधिकारी, आणि निकाल देणारे पंच सगळे सिनेटर. पण आरोप ठेवायला कोणीतरी नागरिक स्वतःहून पुढे यावा लागे. कोणी पुढे आलाच नाही, तर खून झाला एवढंच. पुढे काही नाही. आणि जो पुढे येई त्याला वैर साधायचं असे, नाव कमवायचं असे किंवा बक्षिसी हवी असे. सत्याची चाड असलेले फिर्यादी नव्हतेच असं नाही म्हणणार मी, पण त्यांच्या भरवशावर कथानक उभं करू नका.

इथून तुमच्या कादंबरीसाठी सर्वांत कामाची गोष्ट निघते. तपासाचा अधिकार फिर्यादीला मिळतो, आरोपीच्या वकिलाला मिळत नाही. फिर्यादीला पुरावा गोळा करायला मुदत मिळते, तो कागदपत्रं ताब्यात घेऊन मोहोरबंद करू शकतो, साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडू शकतो. इ.स.पू. ७० मध्ये सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरेस याच्यावर खटला भरताना सिसेरोने ११० दिवसांची मुदत मागून घेतली आणि सिसिली पालथी घालून काम ५० दिवसांत उरकलं. एवढी घाई का? कारण विरुद्ध बाजूने आणखी एक फिर्यादी उभा केला होता; त्याने ग्रीसमधल्या दुसऱ्या एका प्रकरणासाठी १०८ दिवस मागितले, म्हणजे त्याचा खटला दोन दिवस आधी लागावा आणि व्हेरेसचा मागे पडावा. एकशेआठ आणि एकशेदहा! असला कावा कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता तर मी समासात 'फारच सोयीचं' असा शेरा मारला असता.

तेव्हा नायकाचं नाव, वय, दुःख, जुनी प्रेयसी हे सगळं ठरवण्याआधी तो कोणाच्या बाजूने आहे हे ठरवा. फिर्यादीकडचा असेल तर त्याच्या हातात कायदा आहे. बचावाच्या वकिलासाठी धावपळ करणारा असेल तर त्याच्या हातात फक्त ओळखी, उपकार आणि लाच. माझा कौल दुसऱ्याला आहे, कारण रहस्यकथेला अडलेला नायक लागतो.

आणि तुम्ही निवडलेल्या वर्षातच असा एक खटला तयार आहे. अमेरिया (छपाईची चूक नव्हे, रोमच्या उत्तरेला उंब्रियातलं गाव, आजचं अमेलिया) इथला श्रीमंत जमीनदार सेक्स्टस रोस्कियस रोममध्ये पालाकिनेच्या स्नानगृहाजवळ रात्रीच्या जेवणावरून परतताना मारला गेला. मुलाचं नावही सेक्स्टस रोस्कियसच. आरोप त्याच्यावर आला, पितृहत्येचा. शिक्षा पोत्यात शिवून पाण्यात सोडण्याची. बचावाला उभा राहिला सव्वीस वर्षांचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला सिसेरो. त्याचं भाषण आज पुष्कळसं शिल्लक आहे. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. कादंबरीचं पुढचं पान लिहिण्याआधी ते एकदा वकिलाच्या नजरेने आणि एकदा चोराच्या नजरेने वाचा.

त्यातली एक गोष्ट पाहा. खून झाला रात्रीचा पहिला तास उलटल्यावर. आणि पहाटेला अमेरियात बातमी पोचली होती. अंतर ५६ रोमन मैल, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर. माल्लियस ग्लाउकिया नावाचा माणूस हलक्या दुचाकी गाड्या बदलत रात्रीच्या दहा तासांत तिथे पोचला. एवढ्या जिवाच्या आकांताने कोणाला सांगायला? मुलाला नाही, बायकोला नाही. मयताचा गावातला वैरी तितस रोस्कियस कॅपितो, त्याच्या दारात. आणि नुसती बातमी आणली नाही, तर प्रेतातून नुकतंच काढलेलं हत्यार आणून दाखवलं, असं सिसेरो म्हणतो. हा ग्लाउकिया कोणाचा माणूस? तितस रोस्कियस मॅग्नस याचा; तो त्याच वैरी जोडीतला दुसरा, आणि मॅग्नस त्या वेळी रोममध्ये होता. मुलगा मात्र अमेरियात शेतावर होता.

वेळ, अंतर, वाहन, निरोप्या आणि निरोप घेणारा. यात भिंग नाही की रसायन नाही, आणि तरी आजचा कोणताही वाचक कान टवकारतो.

पुढची साखळी अशी. चार दिवसांच्या आत ही बातमी वोलातेरेला, सुल्लाच्या छावणीत पोचली, ती सुल्लाचा मुक्त केलेला गुलाम क्रिसोगोनस याच्या कानावर. सुल्ला तेव्हा हुकूमशहा. त्याने आपल्या शत्रूंच्या याद्या लावल्या होत्या. यादीत नाव असलेल्याला मारलं तर गुन्हा नाही आणि त्याची मालमत्ता लिलावात. याद्या बंद झाल्या इ.स.पू. ८१ च्या १ जूनला. रोस्कियस मेला त्यानंतर काही महिन्यांनी, आणि तो आयुष्यभर सुल्लाच्याच पक्षाचा. तरी त्याचं नाव यादीत घुसवलं गेलं. त्याची तेरा शेतं, किंमत साठ लाख सेस्टर्स (हे रोमन नाणं), क्रिसोगोनसने दोन हजार सेस्टर्सला घेतली. पुढे ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार नऊशे सेस्टर्स होता, यावरून दोन हजार म्हणजे काय ते ताडून पाहा. तेरातली तीन शेतं कॅपितोला मिळाली. उरलेल्यांचा कारभार मॅग्नसकडे. गावाने दहा प्रतिष्ठितांचं शिष्टमंडळ सुल्लाकडे पाठवलं, की हा आमचा माणूस निर्दोष होता. त्या दहांत कॅपितो स्वतः होता! शिष्टमंडळाची सुल्लाशी भेट झालीच नाही.

म्हणजे खून कोणी केला किंवा करवला याचा अंदाज अमेरियातल्या शेंबड्या पोराला असणार. तुमच्या कादंबरीतलं रहस्य तेवढ्यावर बेतलंत तर ते शंभर पानांतच संपेल. मला विचाराल तर इ.स.पू. ८० च्या रोममधलं खरं कोडं वेगळं आहे: सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट भर न्यायालयात उच्चारायची कोणी, आणि उच्चारल्यावर तो जिवंत कसा राहतो? सिसेरोच्या भाषणात हा क्षण आहे. फिर्यादी एरुकियस निर्धास्त बसला होता. मोठे वकील प्रकरणाला हात लावत नाहीत, समोर पोरगा उभा आहे, कोणी क्रिसोगोनसचं नाव काढणार नाही, ही त्याची खात्री. आणि सिसेरोने ते नाव घेतलं. एरुकियस चमकला. सिसेरोने पुन्हा घेतलं. मग माणसं इकडून तिकडे पळायला लागली, बहुधा क्रिसोगोनसला सांगायला, की शहरात त्याच्या मर्जीविरुद्ध बोलणारा कोणीतरी निघाला आहे. सिसेरो स्वतः हे भाषणात सांगतो. तुमच्या कादंबरीचा उत्कर्षबिंदू हाच ठेवा. आपला नायक त्या धावणाऱ्यांच्या गर्दीत कुठे उभा आहे तेवढं ठरवा.

याच भाषणात लुसियस कॅसियस या जुन्या, कडक न्यायाधीशाचा प्रश्न येतो: यात फायदा कोणाचा? तो तुम्ही हजार ठिकाणी वाचला असेल. पण रोमन न्यायालयात त्याला जे वजन होतं ते लक्षात घ्या. भौतिक पुरावा तोकडा, साक्षी विकत मिळणाऱ्या; मग पंचांना पटतं ते माणसाचं चारित्र्य आणि त्याचा लाभ. सिसेरोचा अर्धा बचाव असा आहे, की माझा अशील खेड्यातला शेतकरी, मेजवान्यांना न जाणारा, कर्ज नसलेला, आणि बापाच्या मृत्यूने तो भिकेला लागला. तो आता राहतो कॅसिलिया मेतेल्ला या बड्या घराण्यातल्या बाईंच्या आश्रयाने. पलीकडे त्याची शेतं खाणाऱ्यांपैकी एक, मॅग्नस, फिर्यादीच्या बाकावर.

मुलगा सुटला. सिसेरोचं नाव झालं. पण एक ध्यानात ठेवा: आपल्याकडे आहे ते बचावाच्या वकिलाचं भाषण, तेही नंतर लिहून प्रसिद्ध केलेलं. फिर्यादीची बाजू आपण ऐकलेलीच नाही. बाप-लेकांचं पटत नव्हतं, बाप त्याला वारसाहक्कातून काढणार होता, हा आरोप होताच. मुलगाही धुतल्या तांदळासारखा नसावा, असं म्हणणारे आधुनिक अभ्यासक आहेत. रहस्यकादंबरीकाराला यापेक्षा सुंदर भेट कोणती? खटला जिंकून दिल्यावर नायकाला कळतं की... पुढचं तुमचं तुम्ही लिहा.

आता धागेदोरे. रोमन लोकांना पुरावा कळत नव्हता असं समजू नका. मघाच्याच व्हेरेस प्रकरणात सिसेरो सिरॅक्यूजमध्ये करवसुली कंपनीच्या हिशेबाच्या पाट्या चाळत होता. एका नावाभोवती वारंवार खाडाखोड दिसली: गायस व्हेरुकियस. या नावाचा मनुष्य कोणालाच ठाऊक नाही. नीट पाहिलं तर नावातल्या (लॅटिनमध्ये Verrucius) दुसऱ्या 'r'पर्यंतची अक्षरं जशीच्या तशी, मूळची. त्यापुढचं सगळं खरवडून पुन्हा लिहिलेलं. मूळ नाव व्हेरेस! सिसेरोने त्या पानाची खाडाखोडीसकट हुबेहूब नक्कल काढून न्यायालयात दाखवली. मेणाच्या पाटीवर कोरलेलं पुसणं सोपं, पण पुसल्याचं लपवणं अवघड, हे ज्याला कळतं असा एखादा कारकुनी स्वभावाचा मुक्त गुलाम नायकाचा साथीदार म्हणून ठेवा. तलवारबाज ठेवण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

दुसरा नमुना लारिनम गावच्या क्लुएन्तियस प्रकरणातला, इ.स.पू. ६६. सासिया नावाच्या बाईच्या घरी स्त्रातो हा वैद्यकी जाणणारा गुलाम. घरातल्या कपाटात पैसे आणि सोनं आहे हे त्याला ठाऊक. त्याने रात्री झोपेतल्या दोघा सोबती गुलामांना मारून मासळीच्या तळ्यात टाकलं आणि कपाटाचा तळ कापून ऐवज पळवला. सकाळी दोघे गायब. सगळ्यांचा समज असा की तेच चोरी करून पळाले. पण कपाटाचा तळ असा गोल कापला कशाने? तेव्हा घरच्या एका स्नेह्याला आठवलं, की मध्यंतरी एका लिलावात किरकोळ वस्तूंमध्ये वाकडी, सगळीकडून दाते असलेली छोटी करवत विकायला होती. लिलावाचे पैसे वसूल करणाऱ्यांकडे चौकशी केली, तर ती गेलेली स्त्रातोकडे. मग सामील असलेला पोरगा घाबरून सगळं ओकला आणि तळ्यात प्रेतं सापडली.

हत्याराच्या खुणेवरून हत्यार, हत्यारावरून विक्रीची नोंद, नोंदीवरून माणूस. इ.स.पू. पहिल्या शतकातला हा तपास आजच्या कोणत्याही कथेत खपेल. आणि तो केला कोणी? घरातल्या आणि घराशी संबंध असलेल्या माणसांनी. रोममध्ये चौकशी घर करतं. ही गोष्ट कथनाच्या दृष्टीनेही सोयीची आहे, कारण तुमच्या नायकाला अधिकार नसला तरी कुटुंबप्रमुखाचा निरोप त्याच्या हातात असू शकतो, आणि त्या निरोपाने दारं उघडतात.

घटनास्थळाची पाहणी हवीच असेल तर तीही नोंदलेली आहे, फक्त शंभर वर्षांनी पुढची. इ.स. २४ मध्ये प्लाउतियस सिल्व्हानस या प्रेटरने आपली बायको अप्रोनिया हिला घरातून खाली फेकलं. सासऱ्याने त्याला सम्राट तिबेरियसपुढे ओढून नेलं. तो भांबावल्यासारखा म्हणाला, मी झोपलो होतो, तिनेच जीव दिला. तिबेरियस उठला, थेट त्यांच्या घरी गेला आणि शयनगृह पाहिलं. झटापटीच्या खुणा तिथे दिसत होत्या. इतिहासकार टॅसिटसने ही हकीकत दोन-चार ओळींत उरकली आहे. शव तपासण्याचाही एक प्रसिद्ध दाखला आहे: सीझरच्या अंगावरच्या २३ जखमांपैकी छातीवरची दुसरी तेवढी प्राणघातक, असं अँतिस्तियस या वैद्याचं मत चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलं आहे.

विषाच्या बाबतीत मात्र रोमन माणूस अंधारातच चाचपडत होता, आणि ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. तिबेरियसचा पुतण्या जर्मॅनिकस इ.स. १९ मध्ये सीरियातल्या अँतिऑकला वारला, विषप्रयोगाचा संशय तिथला सुभेदार पिसो याच्यावर. घराच्या जमिनीखाली आणि भिंतींत हाडं, राख आणि शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले शाप सापडले. खटल्यात फिर्यादीने म्हटलं, चितेत त्याचं हृदय जळलं नाही, म्हणजे विष. बचावाने म्हटलं, हृदयविकाराने मेलेल्यांचंही जळत नाही. दोन्ही बाजू एकाच न जळलेल्या हृदयावर भांडताहेत! खटला संपायच्या आत पिसो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला, तलवार जमिनीवर. आत्महत्या, असं ठरलं. टॅसिटस म्हणतो, म्हाताऱ्यांच्या तोंडून वेगळं ऐकलं होतं.

गुलामांचा विषय टाळू नका. मराठी लेखक इथे बिचकतात; गुलाम पात्रं प्रेमळ जुन्या नोकरासारखी रंगवतात आणि पुढे सरकतात. पण रोमन गुन्हेकथेचा कणाच तिथे आहे. गुलामाची साक्ष छळ करून घेतली तरच ग्राह्य, हा नियम. स्वतःच्या मालकाविरुद्ध मात्र सहसा त्याला असं बोलतं करता येत नसे. तिबेरियसने इ.स. १६ मध्ये लिबोच्या खटल्यात पळवाट काढली: गुलाम सरकारी प्रतिनिधीला विकायला लावले, म्हणजे मालक बदलला, आणि आता जुन्या मालकाविरुद्ध छळ करायला मोकळीक. रोस्कियस प्रकरणातही कळीचे साक्षीदार दोन गुलामच होते, त्या रात्री मालकाबरोबर असलेले. मुलाच्या बाजूने पुन्हा पुन्हा मागणी केली, की त्यांची चौकशी होऊ द्या. नव्या मालकांनी दिले नाहीत. ते आता क्रिसोगोनसच्या घरात ऐटीत वावरत होते. एखादं प्रकरण त्या दोघांपैकी एकाच्या नजरेतून लिहून पाहा. तो सगळं पाहून चुकला आहे, आणि बोलायचं तर आधी छळ सोसायचा आहे.

साम्राज्याच्या काळात हे आणखी भयंकर होतं. इ.स. १० च्या सिनेटच्या ठरावानुसार मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांची छळ करून चौकशी आणि मग देहदंड. का, तर त्यांनी मालकाला वाचवलं नाही. आणि ही चौकशी पूर्ण होईपर्यंत मयताचं मृत्युपत्र उघडायचं नाही. कारण उघड आहे. मृत्युपत्रात एखाद्या गुलामाला मुक्त केलं असेल तर तो छळातून निसटेल, आणि वारसाला घाई असेल तर तो खून दडपेल. साक्षीदारांच्या मोहोरा लागलेलं मृत्युपत्र टेबलावर पडून आहे, कोणाचं नशीब आत आहे ठाऊक नाही, आणि ते उघडण्याआधी घरातली माणसं मरणार आहेत. याहून घट्ट ताण मला तरी सुचत नाही. इ.स. ६१ मध्ये शहराचा मुख्याधिकारी पेदानियस सेकुन्दस याला त्याच्याच एका गुलामाने मारलं. घरात चारशे गुलाम होते. रस्त्यावर लोक खवळले, सिनेटमध्ये वाद झाला, कायदेपंडित कॅसियसने शिक्षेच्या बाजूने भाषण केलं, आणि सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे करून चारशेच्या चारशे मारले. खुनी कोण, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कारणाबाबत मात्र टॅसिटस दोन शक्यता देतो: ठरलेल्या किमतीत स्वातंत्र्य द्यायचं कबूल करून मालक फिरला, किंवा दोघांची एकाच तरुणावर आसक्ती. अजून खुलासा नाही.

उकल न झालेली प्रकरणं हवी असतील तर रोमन लेखक धाकटा प्लिनी याची पत्रं काढा. मेतिलियस क्रिस्पस या आपल्या गाववाल्याला त्याने सैन्यात सेंचुरियनची (शंभरेक सैनिकांच्या नायकाची) जागा मिळवून दिली, तयारीसाठी चाळीस हजार सेस्टर्स दिले. तो निघाला आणि त्यानंतर ना पत्र ना निरोप. त्याच्या गुलामांनी त्याला मारलं, की त्यांच्यासकट तो मारला गेला, कळलं नाही. तो तर नाहीच सापडला, पण बरोबरच्या गुलामांतलाही कोणी सापडला नाही. पत्र लिहायचं निमित्त काय, तर रोबस्तस नावाचा आणखी एक प्रतिष्ठित माणूस ओक्रिकुलम गावाच्या पुढे असाच नाहीसा झाला होता. रोमन रस्त्यांचं आपण फार कौतुक करतो. त्या रस्त्यांवर माणसं नाहीशी व्हायची.

तपशिलाच्या चुका मी इथे उगाळत बसत नाही. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका कोणाच्या ताटात वाढू नका आणि घोडेस्वाराला रिकीब देऊ नका, एवढं पुरे. पण वेळेबद्दल सांगतो, कारण रहस्यकथा वेळेवर चालते. रोमन दिवसाचे तास बारा, सूर्योदय ते सूर्यास्त, म्हणून उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड; रात्रीचं उलट. ग्लाउकियाचे 'रात्रीचे दहा तास' हिवाळ्यात आणि जूनमध्ये सारखे नाहीत. 'मी सहाव्या तासाला तिथे होतो' असं तीन साक्षीदार सांगतील आणि तिघांचं गणित वेगळं असेल. यावर एक आख्खी खोटी उपस्थिती रचता येईल, आणि ती निव्वळ रोमन असेल. तसंच, जुलै आणि ऑगस्ट हे महिने तेव्हा क्विन्तिलिस आणि सेक्स्तिलिस होते.

वाचकाला किती समजावून सांगायचं? जेवढं पात्राला त्या क्षणी हवं तेवढंच. सेस्टर्सची किंमत कोष्टकात देऊ नका. पात्राला एक डाळ-भाकरीचं जेवण घ्यायला लावा. सरंजाम, आश्रयदाता, कुळ, वतनाची भांडणं, भाऊबंदकी हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. रोज सकाळी बड्या माणसाच्या ओसरीवर गरजूंची रांग लागते हे वर्णन आमच्याकडे एका वाक्यात कळतं. ही तुमची जमेची बाजू आहे, ती तळटीपांनी घालवू नका.

शेवटी दख्खनचं पात्र. इ.स.पू. ८० मध्ये हे ओढूनताणून होईल. मोसमी वाऱ्यांवर थेट समुद्र ओलांडून भारतात येण्याची सुरुवात त्याआधी झाली होती, पण इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या काळात फार थोडी जहाजं ते धाडस करत. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की त्याच्या काळी, म्हणजे रोमने इजिप्त घेतल्यानंतर, तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. कादंबरी नीरो किंवा सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात न्या, आणि दार सताड उघडतं. त्याच पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, तिथून गाड्यांतून माल उतरतो तो आहे. कल्याणला तेव्हा अडचण होती: चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. एवढी एक ओळ रहस्यकथेला पुरेशी नाही का? आणि पाँपेईच्या राखेत १९३८ मध्ये हस्तिदंताची जेमतेम वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, इ.स. ७९ पूर्वी तिथे पोचलेली. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. कोणी कोरली, कोणी नेली, पाँपेईतल्या कोणाच्या घरी ती काय म्हणून होती, हे सगळं तुमच्यासाठी मोकळं आहे.

पण तिकडे गेलात तर सिसेरोचं न्यायालय हातचं जातं. पहिल्या शतकात मोठ्या माणसांचे खटले सिनेटपुढे आणि सम्राटापुढे चालतात, आणि क्रिसोगोनसचं नाव भर चौकात घेणारा सव्वीस वर्षांचा वकील तिथे बसत नाही. दोन्ही गोष्टी एका कादंबरीत कोंबू नका. आधी रोस्कियसची लिहा. हस्तिदंती बाई दुसऱ्या पुस्तकापर्यंत थांबेल.